ट्यूब सोड दादा, आधी माप घे!

मार्चमधली दुपार. दोन दिवसांच्या सुट्टीत मी सोनपेठला घरी आले होते. मावशीकडे गेले, तर आमचा दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, मागच्या पत्र्याच्या खोलीत खुर्चीवर बसून पाय वर-खाली करत होता. घोट्याला वाळूची पिशवी बांधलेली. आणि मांडीच्या पार वरच्या टोकाला मोटारसायकलची जुनी ट्यूब कापून करकचून गाठ मारलेली. समोर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. त्यात एक पिळदार पोरगा दोन्ही मांड्यांना काळे पट्टे लावून अगदी तोच व्यायाम करत होता.

"दादा, हे काय चाललंय?"

"अगं, बीएफआर म्हणतेत याला. रक्त अडवायचं आन् कमी वजनात मांडी भरून काढायची. बाहेरचे सगळे प्लेअर करतेत."

मी पायाकडे बघितलं. गुडघ्याखाली पाय निळसर-जांभळा पडत चालला होता. मी अंगठ्याला चिमटा काढला, तर त्याला कळलाच नाही. मी ओरडले, मावशी हातातलं काम टाकून धावत आली, गाठ सुटेना म्हणून शेवटी ट्यूब कात्रीनं कापली. पुढची वीस मिनिटं दादा पायाला आलेल्या मुंग्या चोळत बसला. त्या दिवशी वाईट काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं.

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. सध्या याच पानासाठी इंटर्नशिप करतेय. मला वाटलं होतं, रील बघून येडेपणा करणाऱ्या पोरांवर एक खरपूस लेख लिहावा. वाचायला लागले, दोन-तीन फिजिओथेरपिस्टशी बोलले आणि माझीच पंचाईत झाली. कारण रील खोटं नव्हतं. बीएफआर, म्हणजे ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, ही दुखापतीनंतर ताकद परत मिळवायची खरीखुरी, तपासलेली पद्धत आहे. खोटी होती ती आमची ट्यूब. म्हणून हा लेख दादाला हसायला नाही. हा लेख त्याला ट्यूब का बांधावी लागली, यावर आहे.

ऑपरेशन झालं, पण पाय?

दादा २४ वर्षांचा आहे. पोलीस भरती हे एकच ध्येय. सोनपेठमध्ये पहाटे परळी रोडला येऊन बघा, अंधारात बूट वाजवत पळणारी पोरं-पोरी दिसतील. त्यांच्यातलाच तो एक. मैदानी परीक्षेचे ५० गुण: १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात मारलं की पूर्ण २० गुण. ही आकडेवारी आमच्याकडं पोरांना पाढ्यांसारखी पाठ असते.

डिसेंबरात गावाकडच्या एका कबड्डी स्पर्धेत दादानं चढाई केली, वळताना पाय मातीत रुतला आणि गुडघा आतल्या आत फिरला. 'कट्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला म्हणतो. एमआरआय केला, एसीएल तुटलेला निघाला. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड धरून ठेवणारा दोरखंडासारखा लिगामेंट. तो तुटला की सरळ चालता येतं, पण पळताना, वळताना, उडी मारून उतरताना गुडघा दगा देतो. जानेवारीत शहरात ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, यात वादच नाही.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांचा कागद मिळाला, टाके कधी काढायचे ते कळलं, आणि शेवटी एक ओळ: 'फिजिओथेरपी करावी.' कुठं, किती दिवस, कुणाकडं, काय काय, काहीच नाही. घरचे म्हणाले, ऑपरेशन झालं ना, आता आराम कर. दादानं आराम केला. सहा आठवड्यांनी पँट घालताना त्याच्या लक्षात आलं की एक मांडी दुसरीपेक्षा बारीक दिसतेय. शेजारच्या टेलरकाकांकडून टेप आणली, गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर खूण करून दोन्ही मांड्या मोजल्या. फरक ४ सेंटिमीटर.

हे फक्त दादाचं नाही. गुडघ्याला मार लागला, आत पाणी भरलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, नीट हुकूमच देत नाही. स्नायू असतो पण पेटत नाही. त्यात पाय वापरात नसला की काही आठवड्यांतच तो झिजतो. आणि क्वाड्रिसेप्स म्हणजे गुडघ्याचा ब्रेक आहे, शॉकअप आहे. तो नसताना पळायला लागलात तर सगळा भार नव्यानं बसवलेल्या लिगामेंटवर. म्हणूनच जगभरचे फिजिओ दोन गोष्टींवर अडून बसतात: निदान नऊ महिने थांबा, आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाल्याशिवाय मैदानात उतरू नका. नऊ महिने नुसते कॅलेंडरवर काढून चालत नाही. त्या नऊ महिन्यांत ताकद कमवावी लागते.

आता खरी गोची बघा. स्नायू वाढवायचा तर जड वजन उचलावं लागतं. तुम्ही एखादं वजन कसंबसं एकदाच उचलू शकता, त्याच्या साधारण ७० टक्के. म्हणजे एकदा ५० किलो जमत असेल तर सराव ३५ किलोनं. पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर ३५ किलो कोण टाकू देईल? वजन टाकलं तर गुडघा जातो, नाही टाकलं तर मांडी जाते. बीएफआर नेमकं या कात्रीतून वाट काढतं.

पट्टा नेमकं करतो काय?

सोनपेठच्या वाचकांना हे समजावणं सोपं आहे. आपल्या तालुक्यात गोदावरीवर खडक्याचा बंधारा आहे, जिथून परळीच्या थर्मलला पाणी जातं. वरून पाणी येत राहतं, दारं खाली असली की पुढं जाणं कमी होतं, बंधारा फुगतो. बीएफआरमध्ये मांडीच्या वरच्या टोकाला हवेनं फुगणारा रुंद कफ लावतात, बीपी मोजायच्या पट्ट्याचा थोरला भाऊच म्हणा. हृदयाकडून पायाकडं रक्त आणणारी धमनी तो पूर्ण बंद करत नाही, नुसती आवरती धरतो. पायाकडून परत जाणाऱ्या शिरा मात्र दाबल्या जातात. आवक थोडी, जावक जवळपास बंद.

अशा अवस्थेत अगदी हलकं वजन उचललं, २० ते ३० टक्के, म्हणजे ५० किलोवाल्यानं १० ते १५ किलो, तरी स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो, आत टाकाऊ द्रव्यं साठतात आणि थोड्याच वेळात मांडी पेटते. हळू दमणारे स्नायूतंतू थकतात, मग एरवी फक्त जड वजनालाच उठणारे ताकदीचे तंतू कामाला लागतात. स्नायूला वाटतं आपण ढीगभर वजन उचललं. गुडघ्यावर मात्र तेवढं वजन आलेलंच नसतं. एवढीच यातली गंमत.

करायची रीतही ठरलेली आहे. आधी ३० वेळा, मग १५-१५-१५, एकूण ७५. मध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती. सगळा मामला काही मिनिटांत आटोपतो, कफ सोडला जातो. आठवड्यातून दोन-तीनदा. यात तासन्‌तास काहीही आवळून ठेवायचं नसतं.

गुडघे मोडून बसल्यावर सुचलेली आयडिया

या पद्धतीचा जनक जपानचा योशिआकी सातो. १९६६ मध्ये, कॉलेजच्या वयात, तो एका बौद्ध विधीला जपानी पद्धतीनं गुडघे मोडून बराच वेळ बसला होता. पाय बधिर झाले. पोटऱ्या चोळताना त्याला वाटलं, ही तटतट तर पोटऱ्यांचा जोरदार व्यायाम झाल्यावर जाणवते तशीच आहे. आपल्याकडं सप्त्यात, कीर्तनात किंवा लग्नाच्या पंगतीत पायाला मुंग्या येतात, आपण उठून पाय झटकतो आणि विषय संपतो. हा पठ्ठ्या मात्र घरी जाऊन स्वतःच्या पायांना पट्टे बांधून वह्या भरत बसला. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्याचा घोटा मोडला, गुडघ्याच्या लिगामेंटलाही मार लागला. प्लास्टरमध्ये असताना त्यानं स्वतःवरच हे तंत्र वापरलं आणि पाय झिजला नाही. पुढं यालाच 'कात्सू' नाव मिळालं.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग रीलमध्ये येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत अंदाजानं आवळत राहिल्यामुळं सातोच्या स्वतःच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो दवाखान्यात पोचला होता. ज्यानं शोध लावला, त्यालाही अंदाज महागात पडला. नंतरची त्याची कित्येक वर्षं दाब मोजायचा कसा, यातच गेली.

आज हे फक्त जपानपुरतं राहिलेलं नाही. अमेरिकेच्या लष्करानं सॅन अँटोनिओच्या केंद्रात पाय गंभीर जखमी झालेल्या सैनिकांसाठी ते वापरलं आणि तिथून ते खेळाडूंपर्यंत पसरलं. २०१९ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून दाब किती, वजन किती, कुणाला करू नये याची मार्गदर्शक मांडणी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या एसीएलच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. हलकं वजन अधिक कफ विरुद्ध जड वजन अशी तुलना केली, तर ताकद दोन्हीकडं सारखीच वाढली. पण कफवाल्यांचा गुडघा कमी दुखला.

ट्यूब आणि कफ, फरक काय?

'दोन्ही आवळतातच की!' हा दादाचा पहिला प्रश्न. बरोबर प्रश्न आहे. फरक तीन.

एक, रुंदी. ट्यूब, दोरी, ओढणी, बेल्ट हे सगळं चिंचोळं. चिंचोळ्या पट्टीनं तोच परिणाम साधायला जास्त दाब द्यावा लागतो आणि तो सगळा एकाच रेषेवर पडतो. खालची नस, कातडी, शीर चेपली जाते. रुंद कफ कमी दाबात काम करतो.

दोन, मोजमाप. फिजिओ आधी डॉप्लर नावाचं छोटं यंत्र पायाच्या नाडीवर धरतात. कफ फुगवत नेतात. नाडीचा आवाज ज्या दाबाला पूर्ण थांबतो, तो आकडा लिहून घेतात. व्यायामाला त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब ठेवतात. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. मांडीचा घेर, रक्तदाब, कफची रुंदी, बसलाय की झोपलाय, सगळ्यानं बदलतो. त्यामुळं 'मित्राला एवढ्यावर जमलं' या वाक्याला काडीचा अर्थ नाही. दादाच्या ट्यूबनं किती टक्के रक्त अडवलं होतं? ५०? १००? ते सांगायला तिच्यावर काटाच नव्हता.

तीन, माणूस. कफ लावण्याआधी विचारणारं कुणीतरी लागतं. पूर्वी कधी शिरेत गुठळी झाली होती का? घरात कुणाला? बीपी आहे का? पायावर फुगलेल्या शिरा आहेत का? सिकलसेल? गरोदरपण? जखमेत पू? ऑपरेशन होऊन किती दिवस झाले, सर्जनची परवानगी आहे का? यातल्या एखाद्या उत्तरावर 'तुमच्यासाठी हे नाही' असं सांगायची हिंमतही त्या माणसात लागते.

हे सगळं पाळलं तर धोका किती? जपानमध्ये २००६ मध्ये १०५ केंद्रांमधल्या सुमारे साडेबारा हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. शंभरातल्या तेराएक जणांना कातडीखाली रक्त साकळल्याचे डाग पडले, जे आपोआप जातात. शिरेत गुठळी झाली ती दहा हजारांत पाच-सहा जणांना. म्हणजे जाणकारांच्या देखरेखीखाली धोका फार कमी. पण ही संख्या जाणकारांच्या केंद्रांमधली आहे. पत्र्याच्या खोलीत ट्यूब बांधणाऱ्यांची पाहणी कुणी केलेली नाही.

आपल्याकडं आवळायची सवय जुनीच आहे. साप चावला की दोरीनं हात-पाय करकचून बांधायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आता डॉक्टर कानीकपाळी ओरडतात की बांधू नका, पाय गमवाल, दवाखाना गाठा. तिथं शिकायला इतकी वर्षं लागली. बीएफआरच्या बाबतीत तरी तेवढा वेळ नको.

पण ही जादू नव्हे

नवीन काही कळलं की आपण लगेच त्याचे भक्त होतो. मीही झाले होते. मग एका फिजिओताईंनी जमिनीवर आणलं. त्या म्हणाल्या, "पट्ट्याच्या आधी शंभर गोष्टी आहेत गं. गुडघा पूर्ण सरळ होतोय का? टाचेखाली टॉवेल ठेवून मांडी आवळता येतेय का? सरळ पाय उचलताना थरथरतोय का? हे झाल्याशिवाय पट्टा म्हणजे पाया न घालता रंग देणं."

संशोधनही तेच सांगतं. हलक्या व्यायामापेक्षा 'हलका व्यायाम अधिक कफ' नक्की सरस. पण निव्वळ ताकदीत जड वजनाचा व्यायाम अजूनही पुढंच आहे. २०२० मध्ये अमेरिकेत एसीएलच्या रुग्णांना जड व्यायामातच वर कफ लावून बघितलं, तर जादा फायदा काही दिसला नाही. म्हणजे बीएफआर हा पूल आहे. जड वजन पेलत नाही त्या दिवसांतून पेलता येईल त्या दिवसांपर्यंत नेणारा. धडधाकट पोरांनी जिममध्ये 'पंप' यावा म्हणून दंडाला पट्टे बांधून फोटो काढायचं हे साधन नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला जड वजन उचलता येतं, त्यानं सरळ जड वजन उचलावं.

मग दादाचं काय झालं?

ट्यूब कापल्यानंतर आठवड्याभरानं आम्ही जिल्ह्याच्या गावी एका फिजिओकडं गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी कफ लावलाच नाही. बीपी घेतलं, पायाची नाडी तपासली, प्रश्न विचारले, सर्जनशी फोनवर बोलले आणि टॉवेलचा व्यायाम देऊन घरी पाठवलं. दादा वैतागला. "इतक्या लांब येऊन टॉवेल?" दोन आठवड्यांनी गुडघा सरळ झाला, सूज उतरली, तेव्हा कफ निघाला. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. इतर दिवशी घरी बिनपट्ट्याचा व्यायाम, वहीत टिकमार्क करून.

बारा खेपा झाल्या. सोबतीला मावशी जायची, कारण बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. तरी भाडं, फी, चहा-नाश्ता धरून एका खेपेला पाच-सहाशे रुपये. बारा खेपांचे साडेसहा हजारांच्या आसपास. त्यात मावशीचे बारा दिवसांचे रोज बुडाले ते वेगळेच. कापूस वेचायला किंवा खुरपायला जाणाऱ्या घरात ही रक्कम छोटी नसते. पहिल्यांदा दादा दोनच खेपांनंतर फिजिओकडं जायचा का बंद झाला होता, हे मला तेव्हा कळलं. आळस नव्हता तो. हिशेब होता.

जूनपासून तो जड वजनाकडं वळला. परवा पुन्हा टेलरकाकांची टेप आणली. फरक दीड सेंटिमीटर. अजून पूर्ण भरलेली नाही. अजून पळायची परवानगी नाही, ऑक्टोबरात ताकदीची चाचणी आहे. मधल्या काळात भरती निघाली तर त्याची हुकणार, हे त्यालाही माहीत आहे. तो त्यावर बोलत नाही. पहाटे मात्र उठतो, रस्त्याच्या कडेला उभा राहून इतर पोरांचे टायमिंग घेतो.

माझं म्हणणं

आपल्याकडं दुखापत म्हणजे ऑपरेशन आणि ऑपरेशन म्हणजे उपचार संपला, असं समीकरण झालंय. पण गुडघा सर्जन जोडून देतो, पाय परत मिळवावा लागतो तो पुढच्या नऊ महिन्यांत. महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. फिजिओथेरपीचं शिक्षण मुंबईत केईएममध्ये १९५२ पासून सुरू आहे. राज्यात हे शिक्षण घेतलेली पोरं-पोरी दरवर्षी बाहेर पडतात. मग ती सोनपेठपर्यंत का पोचत नाहीत?

आपल्या शेजारच्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. स्टीपलचेसमधला देशाचा सर्वांत वेगवान धावपटू. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला आणि एसीएल गेला, म्हणजे दादाचीच दुखापत. मराठवाड्याच्या मातीत पळून मोठा झालेला पोरगा. पण त्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूमागे डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर उभे असतात आणि असायलाच हवेत. माझा प्रश्न त्या पातळीला पोचण्याआधीच गुडघा जाणाऱ्यांचा आहे. त्यांच्यामागे मोबाइल आणि ट्यूब आहे.

काही जण म्हणतील, तालुक्याला साध्या सोयी नाहीत आणि तुम्ही जपानी पट्टे काय मागता? मी पट्टा मागतच नाहीये. कफ आणि डॉप्लर ही काही एमआरआयसारखी कोटीची यंत्रं नाहीत. मी माणूस मागतेय. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून ठरलेले दोन दिवस बसणारा, नोंदणी असलेला एक फिजिओथेरपिस्ट. तो आला की गुडघ्याच्या पोरांबरोबर लकवा झालेले आजोबा येतील, कंबर धरून बसलेल्या ऊसतोड करणाऱ्या मावश्या येतील. बीएफआर लागणारे त्यात थोडेच असतील. पण ज्याला लागेल त्याला ट्यूब बांधावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट भरती अकॅडमीवाल्यांसाठी. तुम्ही फी घेता, पहाटे चारला पोरं पळवता, निकाल लागला की फ्लेक्सवर फोटो लावता. ज्याचा गुडघा गेला त्याचा फोटो कुठं असतो? दहा-बारा अकॅडमींनी मिळून महिन्यातून एक दिवस फिजिओ बोलवणं परवडण्यासारखं आहे. दुखणाऱ्या पोराला 'पळ रे, मोकळा होईल' म्हणण्याआधी त्याला दाखवा.

तिसरी गोष्ट दवाखान्यांसाठी. डिस्चार्जच्या कागदावर 'फिजिओथेरपी करावी' ही एक ओळ पुरेशी नाही. पहिल्या आठवड्यात काय, सहाव्यात काय, कधी काय करू नये, एवढं एक पानभर मराठीत छापून दिलं तरी कितीतरी मांड्या वाचतील.

आणि चौथी गोष्ट तुझ्यासाठी, हे पान वाचणाऱ्या मित्रा, मैत्रिणी. दुखापतीनंतर टेलरची टेप घे. वाटीपासून १५ सेंटिमीटरवर खूण कर, दोन्ही पाय मोज, तारीख टाकून वहीत लिही. तेवढं मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. फरक वाढत असेल तर सर्जनला ती वही दाखव आणि विचार, 'माझा व्यायाम काय?' उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. बीएफआर करायचं असेल तर फिजिओला तीन प्रश्न विचार: माझा दाब कसा मोजणार, त्याच्या किती टक्के ठेवणार, आणि मला हे चालेल का ते कशावरून ठरवलं? तिन्ही उत्तरं मिळाली तरच पाय पुढं कर. पट्टा लावल्यावर बधिरपणा आला, पाय निळा-पांढरा पडला, मरणाची कळ आली तर लगेच सोडायला सांग. नंतर पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा धाप लागली तर घरी बसू नको, सरळ दवाखाना गाठ.

८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. त्या दिवशी शहरात शिबिरं होतात, बॅनर लागतात. यंदा एखादं शिबिर सोनपेठला होऊ द्या. यायचं ठरलं तर कळवा. पहाटे साडेचारला परळी रोडला या. पळणारी पोरं सगळी तिथंच असतात. आणि कडेला स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला एक जण दिसेल, किंचित लंगडतो. त्याला विचारा, तो तुम्हाला प्रत्येकाचा गुडघा कुठं दुखतो ते सांगेल.